पल्सऑडिओ की पाइपवायर?

सांगली-मिरजेकडच्या कुणी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं आणि आवाजच येईना, तर आधी आत कोणता साउंड सर्व्हर (प्रोग्रॅमचा आवाज साउंडकार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) चालतोय ते बघा. मिंट २१ मध्ये पल्सऑडिओ असतो, २२ मध्ये पाइपवायर. टर्मिनलमध्ये ‘पॅक्टल इन्फो’ (pactl info) दिलं की सर्व्हरच्या नावाच्या ओळीत कळतं.

पल्सऑडिओ २००४ पासूनचा, चांगला मुरलेला. नुसती गाणी, व्याख्यानं ऐकायची असतील आणि सगळं सुरळीत असेल, तर उगाच हात लावू नका.

माझा कौल मात्र पाइपवायरला. मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग करायचं म्हटलं, तर पल्सऑडिओच्या जोडीला जॅक (JACK, रेकॉर्डिंगसाठीचा साउंड सर्व्हर) वेगळा चालवावा लागतो आणि साउंडकार्डवरून दोघांची ओढाताण होते. पाइपवायर दोघांचं काम एकटा करतो. आर्डर (Ardour) या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये जोडाच्या तारा रेकॉर्ड होत असताना ब्राउझरमधला आवाजही चालू राहतो. हे सुख फार मोठं आहे.

दोन्हींच्या खाली अल्साच (ALSA, लिनक्समधला साउंडकार्ड चालवणारा थर). म्हणून सर्व्हर बदलण्याआधी टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) उघडा, एफ६ दाबून एचडीएमआयऐवजी लॅपटॉपचं कार्ड निवडा. मास्टर किंवा स्पीकरखाली ‘एमएम’ (म्हणजे आवाज बंद) दिसलं, तर तिथं जाऊन एम दाबा.