एमएसमध्ये चालणं सुधारायचंय: पैसे डब्यावर घालावेत की फिजिओवर?

घरात कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार), असेल तर गणपतीला येणारा एखादा चाकरमानी मुंबईहून 'नसांसाठी चांगला' म्हणून सप्लिमेंटचा डबा घेऊन येतोच. त्यामागची माया खरी असते. पण महिन्याचा खर्च मोजका असेल तर त्या डब्याने ओटीच्या पायऱ्या सोप्या होतील का, हे आधी विचारायला हवं. माझं मत स्पष्ट आहे. रक्ततपासणीत कमतरता दिसली तर ती जरूर भरून काढा, पण चालण्यासाठी पैसे घालायचे तर पहिला हक्क व्यायामाचा.

ड जीवनसत्त्वाची चर्चा सगळ्यांत जास्त होते आणि ती उगाच नाही. ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांच्यात एमएस जास्त आढळतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, आजाराची नुकतीच सुरुवात झालेल्या आणि अजून औषध सुरू न झालेल्या रुग्णांना दर पंधरवड्याला १ लाख युनिट दिले, तेव्हा आजाराचा जोर थोडा कमी दिसला, तोही मुख्यतः एमआरआयमध्ये. उलट २०२३ च्या अमेरिकन चाचणीत, औषध चालू असलेल्यांना रोज ५००० युनिट दिले काय आणि ६०० दिले काय, रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उफाळण्याचे झटके, सारखेच आले. चालण्याचा वेग वाढल्याचं दोन्हींतून सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे ऊन भरपूर, पण पाय साथ देत नाहीत म्हणून माणूस माजघरात बसून राहतो आणि पावसाळ्याचे चार महिने तर तसेच जातात. म्हणून तपासणी करावीच. एक मात्र सांभाळा: ६०,००० युनिटचं सॅशे बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेततं. बी-१२ ही त्याच वेळी तपासून घ्या, कारण त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि तोल जातो.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वावर मात्र माझ्या मते एक रुपयाही घालू नये. रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या सुमारे दहा हजार पट डोस. पहिल्या छोट्या चाचणीने मोठी आशा लावली होती. मग ६४२ जणांची मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचा निकाल आला: बायोटिनवाल्यांपैकी १२ टक्के सुधारले आणि नुसत्या बिनऔषधी गोळीवर ९ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. शिवाय या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलचा नॉर्वेतल्या चाचणीत आजारावर उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा बांगडा आणि तारली खा. त्यांत तेच तेल असतं, वर प्रथिनं आणि थोडं ड जीवनसत्त्वही मिळतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजे मिळाले नाहीत म्हणून कॅप्सूलकडे धावायची गरज नाही.

आता फिजिओथेरपी. पायांची ताकद, तोल आणि ताठरपणा यांवर नेमून दिलेला व्यायाम चालणं सुधारतो, याला पुरावा आहे आणि तो वरच्या कुठल्याही डब्यापेक्षा भक्कम आहे. आठवड्याला तालुक्याला जाणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा जाऊन घरचा व्यायाम लिहून आणा. पाऊल घसटत असेल तर ते उचलून धरणाऱ्या स्प्लिंटबद्दलही तिथेच विचारा. कोकणात वेळेला फार महत्त्व आहे. अंग तापलं की एमएसमध्ये पाय तात्पुरते जड पडतात आणि दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, पंख्याखाली, मानेला ओला पंचा लावून व्यायाम करा. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, सराव नको. तिथे आधी कठडा बसवा. घराबाहेर पडायचा धीर कठड्याने येतो, गोळीने नाही.

चालण्यासाठी गोळीच हवी असेल तर न्यूरोलॉजिस्टना फॅम्प्रिडिनबद्दल विचारा. हे सप्लिमेंट नाही, औषध आहे: १० मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी. चाचण्यांमध्ये एक तृतीयांशाहून थोड्या जास्त लोकांचा चालण्याचा वेग टिकून वाढला, बाकीच्यांचा नाही. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते चालत नाही. सुरू करण्याआधी अंगणात २५ फूट मोजून खुणा करा आणि तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. दोन ते चार आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा मोजा. वेळ कमी झाली नसेल तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषध थांबवायचं का ते विचारा.