पंजातला सेन्सर, आठ महिन्यांनंतर : सगळं येऊन अडलं एका पट्टीपाशी

गेल्या मंगळवारी सकाळी सहा वाजता तलावाच्या तिसऱ्या लेनमध्ये, पोहताना हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरची डाव्या हाताची पट्टी तुटली. दुसऱ्यांदा. सेन्सर तळाला गेला. बुडी मारून तो वर काढला आणि तिथेच काठावर बसून ठरवलं, आता हा अनुभव लिहायचाच. यंत्र मार्चमध्ये घेतलं, आयात शुल्क धरून 58 हजारांना पडलं. मी पगारदार माणूस, एवढे पैसे काढायला मला दोन महिने लागले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांना यंत्राची कल्पना असेलच, म्हणून कामापुरतं सांगतो. दोन्ही हातांना एकेक संच. तळहातावर एक दाबमापक, हाताच्या पाठीवर दुसरा, आणि दोन्ही जागच्या जागी धरून ठेवायला बोटांतून मनगटाकडे जाणारी सिलिकॉनची पट्टी. दोन्ही बाजूंना मापक लागतो त्याचं कारण साधं आहे. अर्धा मीटर खोल गेलं की नुसत्या पाण्याचाच दाब 5 किलोपास्कलने वाढतो, आणि आपला हात जो फरक पाडतो तो जेमतेम 2-3 किलोपास्कलचा. पुढचा दाब वजा मागचा दाब केला की खोलीचा हिशेब गळून जातो आणि आपला जोर तेवढा उरतो. दीडशे चौरस सेंटिमीटरच्या पंजावर 3 किलोपास्कलचा फरक म्हणजे 45 न्यूटन, साधारण साडेचार किलोची पिशवी उचलताना लागतो तेवढा जोर.

पहिले दोन महिने मी या 45च्या मागे लागलो होतो. ॲपमध्ये प्रत्येक हाताचं शिखर लाल ठिपक्यात दिसतं आणि तो ठिपका वर गेला की फार बरं वाटतं. मे महिन्यात माझं शिखर 52 झालं, मात्र 100 मीटरची वेळ 1:52 वरून 1:54 झाली. तेव्हा कोच सरांनी आलेख स्वतः पाहिला आणि विचारलं, ‘‘हा डोंगर किती वेळ टिकतोय ते बघितलंस का?’’ नव्हतं बघितलं. मी पाण्याला धक्का मारत होतो, पाणी धरत नव्हतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग 10 टक्के वाढवायचा तर जोर 21 टक्के जास्त लागतो. तो एका झटक्यात मारून भागत नाही, हात पुढे पडल्यापासून मांडीपर्यंत धरून ठेवावा लागतो. म्हणून आता मी शिखर बघतच नाही, आलेखाखालचं क्षेत्रफळ बघतो, म्हणजे जोर किती आणि तो किती वेळ टिकला हे दोन्ही मिळून. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून तेच बघावं.

आता मुख्य गोष्ट.

जूनपासून ॲप सांगत होतं की माझा डावा हात 14 न्यूटन जोर बाजूला फुकट घालवतोय. मला ते लगेच पटलं, त्याला कारण आहे. मी सांगलीचा, कृष्णेत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो आणि पुढे तलावावर आम्हाला पाण्याखाली इंग्रजी एस काढायला शिकवलं. तेव्हा सगळीकडे तेच शिकवत. अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मार्क स्पिट्झ याचे कोच जेम्स काउन्सिलमन यांनी 1971 च्या सुमारास मांडलं होतं की पंजा विमानाच्या पंखासारखा उचल तयार करतो, म्हणून हात वळवत न्यायचा. नंतरच्या मोजमापांत मागे ढकललेल्या पाण्याचा वाटा बराच मोठा निघाला आणि हात सरळ मागे आणायची पद्धत आली. माझ्या अंगात मात्र तो एस चाळीस वर्षं मुरलेला. त्यामुळे दोष माझाच, असं धरून मी जून ते ऑगस्ट डावा हात सरळ करत राहिलो. सर काठावरून म्हणत होते, ‘‘डावा ठीक आहे रे, उगाच बिघडवू नकोस.’’ मी त्यांचं ऐकलं नाही. 58 हजारांचं यंत्र सांगतंय म्हटल्यावर डोळ्यांवर विश्वास कोण ठेवणार! खांदा मात्र दुखायला लागला.

ऑगस्टअखेर डाव्या हाताची पट्टी पहिल्यांदा तुटली आणि मग उलगडा झाला. ती तुटायच्या कितीतरी आधीपासून सैल झाली होती. प्रत्येक लॅपमध्ये सेन्सर थोडा थोडा अंगठ्याखालच्या उंचवट्याकडे सरकत होता. उंचवटा तिरका, म्हणून सेन्सरही तिरका. यंत्र जोराची दिशा ठरवतं ती स्वतःचं तोंड जिकडे आहे तिकडे. सेन्सर 10 अंश कलला की 45 न्यूटनांतले 8 न्यूटन बाजूला गेलेले दिसणार, मग पोहणाऱ्याचा हात कितीही सरळ असो. त्रिकोणमिती दहावीची आहे, पण ती हाताला लावून बघायचं मला तीन महिने सुचलं नव्हतं.

खात्री करण्यासाठी मुलीकडून दोन्ही तळहातांवर मेंदीचे तीन-तीन ठिपके काढून घेतले. दर चार लॅपनंतर थांबायचं, सेन्सरच्या कडा ठिपक्यांशी जुळवायच्या, मग पुढे. क्लोरिनमुळे मेंदी चार दिवसांत फिकी पडते, पुन्हा काढावी लागते. डाव्या हाताचे 14 न्यूटन सहावर आले. उजव्याचेही कधीपासून सहाच येत होते. म्हणजे एस थोडा उरलाय, आणि दोन्ही हातांत सारखाच उरलाय. सर बरोबर होते. त्यांची मी माफी मागितली.

माझा राग आहे तो इथे. एवढी बारीक मोजणी करणारं यंत्र आणि ते हातावर धरून ठेवणारी पट्टी मात्र ढिली पडते आणि पाच महिन्यांत तुटते. ती ढिली झाल्याची सूचना ॲप देत नाही. पुस्तिकेत ‘पट्टी घट्ट बसवा’ एवढं एकच वाक्य आहे. कंपनीकडे वॉरंटीची चौकशी केली तर ‘वापराने झिजणारा भाग’ असं उत्तर आलं. बरं, मग विकत द्या. तर सुटी पट्टी विकत नाहीत, एका हाताचा पूर्ण संच घ्यावा लागेल, 19 हजार. तीन आठवडे मेल चालले, प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा. सेन्सर उत्तम चालतोय, बॅटरी उत्तम आहे, आणि बोटभर सिलिकॉनसाठी तो फेकून द्यायचा? आमच्या घरात मिक्सरच्या भांड्याचं वॉशर बदलतात, मिक्सर नाही.

त्यांनी गुपचूप एक बदली पट्टी पाठवली असती तर हा मजकूर वेगळा झाला असता. शेवटी एक पट्टी आली, तीही अर्ध्या किमतीत ‘सद्भावना म्हणून’. परवा तुटली ती हीच.

मधल्या काळात स्वतः उपाय केले. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली. पकड झकास, पण हात काळे व्हायचे आणि जीवरक्षकाने पाणी खराब होतं म्हणून हरकत घेतली, ते योग्यच होतं. मग मालवणला पर्यटकांना स्कुबा करायला नेणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने फाटलेल्या सूटचं निओप्रीन, म्हणजे फोमसारखं रबरी कापड, दिलं. त्यातून पट्टी शिवून घेतली आणि मागे वेल्क्रो लावलं. ही मात्र हलत नाही. 40 लॅपनंतर ठिपके तपासले, सेन्सर जागेवर.

बाकी थोडक्यात. बॅटरी आठवडाभर पुरते. पाण्याखाली ब्लूटूथ चालत नाही, पाणी त्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे आकडे काठावर आल्यावरच मिळतात. हा दोष यंत्राचा नाही. समुद्रात वापरलं तर लगेच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दाबाच्या भोकांत मीठ सुकलं की दोन दिवस भलतेच आकडे येतात. हिंदी-मराठी सोडा, ॲपमधलं इंग्रजीही धड नाही.

वेळ आता 1:46 आहे आणि 25 मीटरला 23 हात मारावे लागायचे ते 20 झालेत. हे यंत्राशिवाय झालं नसतं, हेही तितकंच खरं. डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्री पोहण्याच्या स्पर्धेत उतरणार आहे, तिथे हात मोकळेच असतील. घ्यायचं असेल तर क्लबमध्ये चार-पाच जणांनी मिळून एक घ्या, आणि काठावर बघणारा कोच असेल तरच घ्या.

निओप्रीनच्या पट्टीचं माप देतो : लांबी 21 सेंटिमीटर, रुंदी 22 मिलिमीटर, जाडी 3 मिलिमीटर. बोटांची भोकं टोकापासून 4 आणि 7 सेंटिमीटरवर, कडेला दुहेरी शिलाई, दोरा नायलॉनचा. शिवणाऱ्या काकांनी 60 रुपये घेतले.