द निअर विच: श्वाबच्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती

व्ही. ई. श्वाबचं 'ॲडी लारू' आवडलं असेल तर हे घ्याच, आणि तिचं काहीच वाचलं नसेल तरी सुरुवात इथून करायला हरकत नाही. फक्त घेताना टायटन प्रकाशनाची २०१९ ची आवृत्ती बघून घ्या, कारण त्यात लेखिकेची नवी प्रस्तावना आहे आणि 'द ॲश-बॉर्न बॉय' ही जास्तीची कथा पण आहे, जी वाचल्याशिवाय कोल, म्हणजे गोष्टीतला परका पोरगा, नीट कळतच नाही.

गोष्ट निअर नावाच्या गावातली. चारी बाजूंना ओसाड माळ, सतत वारा, गावात परकं माणूस कधी येत नाही आणि एका रात्री येतं, आणि मग एकेक करून लहान मुलं रात्रीतून अंथरुणातून गायब व्हायला लागतात. सगळं गाव त्या परक्या पोरावर उठतं. गोष्टीची नायिका लेक्सी, तिला वडलांनी माग काढायला शिकवलंय, पण वडील आता नाहीत आणि काका ऑटो तिला घराबाहेर पडू देत नाही, त्यात घरी धाकटी बहीण रेन, तिची काळजी वेगळीच. वारा इथे नुसता वातावरणासाठी नाहीये, तो खुणावतो, फसवतो, आणि ही पानं मी फार हळूहळू वाचली. लेक्सी-कोलचं प्रेम मात्र जरा घाईत उरकलंय, आणि चेटकिणीचं कोडं अर्ध्यातच सुटतं. तरी माझ्याकडून पाचपैकी चार.

आता लेखिकेच्या नावाबद्दल, कारण शोधताना गोंधळ होतो. हे तिने कॉलेजात असताना लिहिलं, २०११ ला व्हिक्टोरिया श्वाब नावाने आलं आणि पुढे छापणंच बंद झालं. मग २०१३ मध्ये एकाच वर्षात दोन नावांनी दोन पुस्तकं, टीनएजर वाचकांसाठी 'द आर्काइव्ह्ड' व्हिक्टोरिया नावाने आणि मोठ्यांसाठी 'व्हिशस' व्ही. ई. नावाने. आपल्याकडे गडकऱ्यांनी कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम ठेवलं, तसंच काहीसं. २०१५ च्या 'अ डार्कर शेड ऑफ मॅजिक'नंतर व्ही. ई. हे नाव एवढं मोठं झालं की बंद पडलेलं पहिलं पुस्तक त्याच नावाने परत दुकानात आलं. मला हे फार आवडतं, पंचविशीच्या आतल्या मुलीचं पुस्तक विस्मरणात जातं आणि तीच बाई पुढे इतकं लिहिते की लोक मागे जाऊन ते शोधतात. नाहीतर पहिलं पुस्तक बंद पडल्यावर लिहिणं सोडून देणारे किती असतील.

२०२२ चं 'गॅलंट' तर तरुण वाचकांचं असूनही व्ही. ई. नावानेच आलं, म्हणजे आता नावावरून वयोगट ओळखायला जाऊ नका. मुलांसाठी घेत असाल तर मागचं कव्हर वाचून घ्या, 'व्हिशस'मध्ये मारामारी आणि क्रौर्य बरंच आहे. 'निअर विच' तेरा-चौदाच्या मुलामुलींना बिनधास्त द्या. आणि ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, 'धिस सॅव्हेज साँग' आणि 'सिटी ऑफ घोस्ट्स' व्हिक्टोरिया नावाखाली सापडतात, यानंतर मी तरी 'सॅव्हेज साँग'च वाचा म्हणेन.