जीभ न पोळता पाईप: कणसाचा पाईप, फिल्टर आणि कोरडी तंबाखू, काही महिन्यांच्या वापरानंतर

जीभ पोळली की पहिला संशय पाइपावर जातो आणि माणूस दुसरा पाईप शोधायला लागतो. मिसूरी मिअरशॉम या अमेरिकी कंपनीचा ‘लेजंड’ हा मक्याच्या कणसाचा पाईप, विनाफिल्टरचा साधा ब्रायर (म्हणजे झुडपाच्या मुळाच्या गाठीच्या लाकडाचा पाईप) आणि ९ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर बसणारा ब्रायर, असे तीन पाईप काही महिने आलटून पालटून वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पोळण्याचा निम्मा हिशेब तंबाखूच्या ओलाव्यात आहे, उरलेल्यातला मोठा वाटा ओढण्याच्या घाईत, आणि पाइपाचा नंबर त्यानंतर लागतो. तरीही नवख्याने पहिला पाईप कणसाचाच घ्यावा असं मी म्हणेन. का, ते पुढे येईलच.

पोळणं दोन जातींचं असतं. पहिलं वाफेचं. निखाऱ्याखालच्या ओल्या तंबाखूतलं पाणी वाफ होऊन स्टेममधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, येतं आणि जिभेवर पुन्हा पाणी होऊन बसतं. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते, म्हणून तेवढ्याच तापमानाच्या कोरड्या धुरापेक्षा वाफाळलेला धूर कितीतरी जास्त भाजतो. खूण अशी की जिभेचं टोक ओढतानाच चरचरतं, गरम चहाचा घोट घाईत घेतल्यासारखं. दुसरं पोळणं रासायनिक. धूर अल्कधर्मी असला की तो तोंडाच्या नाजूक कातडीला लागतो. तंबाखूला चुना लावणाऱ्यांच्या प्रदेशात हे समजायला सोपं आहे: चुन्यामुळे निकोटिन मोकळं होऊन तोंडातून झटकन शोषलं जातं आणि तोच चुना गालाची आतली बाजू सोलवटतो. बर्ली जातीच्या पानाचा धूर चुन्याइतका जहाल नसतो, पण दिशा तीच. हे पोळणं ओढताना फारसं जाणवत नाही. नंतर जिभेच्या कडा हुळहुळतात आणि रात्रीची आमटी झोंबते. वाफेचं पोळणं वाळवून आणि सावकाश ओढून थांबतं. रासायनिक पोळण्याला मिश्रणच बदलावं लागतं.

आता वाळवणं. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. बऱ्याच डब्यांतली तंबाखू १८ ते २० टक्के पाणी धरून असते. डबा टिकावा, पान मऊ राहावं म्हणून ते ठीक आहे, पण ओढायला १२ ते १४ टक्के पुरे. लेजंडमध्ये साधारण २ ग्रॅम तंबाखू मावते असं धरा. २० टक्क्यांना त्यात ०.४ ग्रॅम पाणी आहे, १३ टक्क्यांना पाव ग्रॅमच्या आसपास. शिवाय पान जळताना स्वतःही पाणी तयार करतं, ते टळत नाही. मग वरचं पाणी तरी कशाला आणायचं?

खिशात मावणारा सोनाराचा काटा असेल तर अंदाजावर राहू नका. १० ग्रॅम तंबाखू मोजून सपाट ताटलीत पसरा. ती २० टक्के ओली असेल तर ९.२ ग्रॅमला येईपर्यंत वाळली की १३ टक्क्यांवर आली. काटा नसेल तर चिमूट दाबून बघा: दाबल्यावर गोळा होऊन तशीच राहिली तर ओली, सोडल्यावर हळूहळू उलगडली तर तयार, कुरकुरून चुरा झाली तर जास्तच वाळली. जास्त वाळलेली तंबाखूही पोळते, कारण ती भराभर जळते. फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या पट्ट्या, आधी बोटांनी मोकळ्या करा आणि मग पसरा. अख्खी पट्टी वरून वाळते आणि आत ओली राहते.

पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात ही ताटलीची रीत उलटी फिरते. तंबाखू १३ टक्क्यांच्या आसपास राहायला हवेची आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्के लागते. जुलैत हवाच ८५ टक्क्यांवर गेली असताना उघड्यावर पसरलेली तंबाखू वाळायची सोडून पाणी पिते. अशा दिवसांत एसीची खोली, नाहीतर जुन्या तारेच्या बल्बच्या टेबललॅम्पखाली वीतभर अंतरावर पंधरावीस मिनिटं. वाळवून झालं की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, जमलं तर सोबत ६२ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून ठेवा. मायक्रोवेव्ह नको, सुगंध आधी उडतो.

एक अडचण मात्र वाळवून सुटत नाही. व्हॅनिला, चेरी वगैरे वास लावलेल्या बऱ्याच तंबाखूंत प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं. ते पाणी सोडतच नाही, पान कितीही वेळ पसरलं तरी हाताला चिकट लागतं. डब्याचा वास गोड, म्हणून नवखा माणूस नेमकी हीच घेतो आणि हीच सगळ्यात जास्त पोळते. बिनवासाची व्हर्जिनिया घ्यावी तर तिच्यात साखर भरपूर. धूर आम्लाकडे झुकतो, त्यामुळे रासायनिक त्रास कमी, पण जोरात ओढली की निखारा भडकतो. बर्लीत साखर जवळजवळ नसते, ती थंड जळते, पण कडा हुळहुळवते. अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्सने १९०७ मध्ये आणलेल्या ‘प्रिन्स अल्बर्ट’ या बर्लीची जाहिरातच मुळी ‘जिभेला चावत नाही’ अशी होती, म्हणजे हे दुखणं किती जुनं ते बघा. माझ्या अनुभवात जिभेला सर्वांत सुसह्य ठरलं ते व्हर्जिनियात लाटाकिया मिसळलेलं मिश्रण. लाटाकियाचं पान लाकडाच्या धुरावर धुरावलेलं असतं आणि सावकाश, थंड जळतं. वास सगळ्यांना मानवेल असं नाही. घरच्यांना तर नाहीच.

भरताना तीन चिमटी. पहिली नुसती सोडायची, दुसरी हलक्या बोटाने, तिसरी थोडी दाबून, आणि वर दोन मिलिमीटर जागा ठेवायची. पेटवण्याआधी एक कोरडा झुरका घ्या: सरबत नळीने ओढताना लागतो इतकाच अडथळा हवा. जास्त लागला तर उपसून पुन्हा भरा. गच्च भरलेला पाईप म्हणजे जोरात ओढणं, आणि जोरात ओढणं म्हणजे पोळणं. काडी पेटल्यावर तिचं डोकं जळून जाऊ द्या, मग ज्योत गोल फिरवत दोनतीन हलके झुरके. पान वर फुगेल, टॅम्परच्या (तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीच्या) नुसत्या वजनाने ते खाली बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. जेट लायटर वापरू नका, बाउलची, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीची, कड जळते.

ओढण्याची गती हाच खरा कसोटीचा भाग. मिनिटाला दोनतीन छोटे झुरके, जेमतेम धूर दिसेल इतके. २ ग्रॅमला पाऊण तास लागला तर बरोबर चाललंय. बाउल गालाला टेकवून पाच सेकंद धरवत नसेल तर पाईप खाली ठेवा. विझू द्या. विझणं ही चूक नाही, पुन्हा पेटवायला एक काडी लागते; विझू नये म्हणून फुंकणी चालवल्यासारखं ओढत राहणं हीच खरी चूक. झुरक्याची धार जिभेवर एकाच जागी पडू नये म्हणून स्टेम अधूनमधून डाव्या-उजव्या कोपऱ्यात हलवा. डब्लिनच्या पीटरसन कंपनीचं १८९८ च्या पेटंटचं ‘पी-लिप’ स्टेम धूर वर टाळूकडे वळवतं ते याचसाठी. गुडगुड आवाज आला की पाईप क्लीनर (धाग्यांची लव असलेली लवचिक तार) स्टेममधून आत सरकवून दहा सेकंद ठेवा आणि बाहेर काढा. गरम असताना स्टेम उपटू नका; ब्रायरमध्ये सांधा सैल होतो किंवा तुटतो.

फिल्टरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ९ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर सिरॅमिकचं टोक बाउलकडे ठेवून बसवला की वाफ आणि डांबर खरोखर अडवतो, धूर मऊ येतो, पण चवही निम्मी जाते. शिवाय ओढायला अडथळा वाढतो आणि माणूस आपोआप जोरात ओढतो, मग मिळालेला फायदा परत जातो. दर वेळी पाईप ओढून झाल्यावर फिल्टर बदलला तरच अर्थ आहे. भिजलेला फिल्टर नसल्यापेक्षा वाईट. लेजंडमधला ६ मिलिमीटरचा कागदी फिल्टर पाणी टिपतो, याहून जास्त काही करत नाही. तो काढून टाकला तर स्टेममधली रिकामी पोकळी उरते, धूर तिथे पसरतो, थंडावतो आणि तिथेच पाणी साठून गुडगुडतं. त्यावर चांगला तोडगा म्हणजे पाईप क्लीनरचा तीनेक सेंटिमीटरचा तुकडा दुमडून त्या पोकळीत ठेवणं. ओढ मोकळी राहते, पाणी टिपलं जातं, तुकडा दरवेळी फेकून देता येतो. मी आता एवढंच वापरतो.

फिल्टर लावला, जीभ पोळली नाही, म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं समजू नका. धूर छातीत न घेताही पाइपामुळे ओठ, तोंड, घसा आणि फुप्फुसाचा कॅन्सर होतो. पोळलेली जीभ तंबाखू बंद ठेवल्यावर दोनतीन दिवसांत बरी व्हायला लागते. तोवर थंड पाणी, थंड दूध, आणि तिखट बंद. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, टाळूवर पांढरेपणा आणि लाल ठिपके दिसले तर दंतवैद्याला दाखवा. पान-तंबाखू-चुना खाणाऱ्याने तर पाइपाच्या भानगडीत पडूच नये.

आणि कणसाचा पाईप पहिला का? अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून हे पाईप बनतात. दाणे काढलेलं कणीस सच्छिद्र असतं, ओल शोषून घेतं, त्याला ब्रायरसारखा आतून कार्बनचा थर चढवून तयार करावं लागत नाही, आणि ब्रायरला दिवसभर विश्रांती द्यावी लागते तशी इथे निकड नाही. शिकताना चुका होणारच, त्या स्वस्त पाइपावर झालेल्या बऱ्या. उणिवा दोन. लाकडी शँकचं, म्हणजे बाउल आणि स्टेम जोडणाऱ्या नळीचं, टोक बाउलच्या आत डोकावतं आणि पहिले काही वेळा पाईप ओढताना ते जळून कडवट चव येते; तळाशी पोहोचल्यावर ओढणं थांबवलं तर निभावतं. दुसरं, तळ हवेच्या छिद्राच्या खाली खोल असतो, तिथली तंबाखू जळत नाही, भिजून बसते आणि शेवटचे झुरके ओले येतात. सिगारची राख पाण्याच्या थेंबांनी मळून तो खड्डा छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरा, क्लीनर छिद्रात ठेवून एक दिवस वाळू द्या. ओल्या शेवटाचा त्रास त्याने बहुतांशी जातो. आतून सुरीने खरवडू नका, कणीस सुटतं. कागदाच्या बोळ्याने पुसलं की पुरे. बाहेरून तपकिरी, गरम डाग दिसायला लागला की तो बाउल संपला, नवा घ्या.