लक्ष आणि नजर: ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

आपण बघतो कसं यावरचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला, त्यातला लक्षावरचा धडा इतका आवडला की त्याबद्दलच लिहितेय, बाकीचे ठीकठाक.

सुरुवातच टेस्टने होते. स्क्रीनच्या मधोमध अधिकचं चिन्ह, दोन्ही बाजूंना एकेक रिकामी चौकट, आणि नजर चिन्हावरून अजिबात हलवायची नाही. आधी एक बाण येतो, मग कुठल्यातरी चौकटीत ठिपका, तो दिसला की लगेच बटण दाबायचं. बाणाच्या बाजूला ठिपका आला की बोट पटकन जातं आणि उलट्या बाजूला आला की जरासं अडखळतं, हे आपलं आपल्यालाच जाणवतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नरची ही पद्धत 1980 पासून प्रसिद्ध आहे, मी आधी वाचलेली पण होती, पण डोळे जागच्या जागी आणि लक्ष तेवढं बाजूला सरकतंय हे अनुभवायला मिळालं म्हणून खूप भारी वाटलं, टेस्ट परत दोनदा केली.

मग ईईजीचे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजलेल्या मेंदूतल्या विजेचे आलेख. तोच ठिपका, तीच जागा, फक्त एकदा तिकडे लक्ष आहे आणि एकदा नाही. दोन रेषा आधी एकमेकींना चिकटून चालतात आणि ठिपका दिसल्यावर साधारण 100 मिलिसेकंदांपाशी पी1 नावाची लाट (पी म्हणजे पॉझिटिव्ह) येते ती लक्ष असताना मोठी होते. लवकर येत नाही, नुसती मोठी होते! म्हणजे काय दिसलं हे आपल्याला नीट कळायच्या आधीच मेंदूने त्या जागेचा आवाज वाढवलेला असतो. या एका आलेखासाठी मी कोर्सला पैकीच्या पैकी दिले असते.

पण त्या आलेखात निगेटिव्ह बाजू वर काढलीय आणि ते कुठे सांगितलेलंच नाही. ईईजीवाल्यांची ती जुनी पद्धत आहे, पण नवीन माणूस पी1 शोधायला वर बघणार आणि ती असते खाली, माझी त्यात बरीच मिनिटं गेली.

दुसरी तक्रार मोठी आहे. व्ही1 वर, म्हणजे मेंदूच्या कवचात डोळ्यांकडचा सिग्नल जिथे पहिल्यांदा पोचतो त्या भागावर, लक्षाचा परिणाम होत नाही असं एका वाक्यात सांगून मोकळे झालेत. व्ही1 मधून येणारी सी1 लाट 50 ते 90 मिलिसेकंदांत दिसते आणि ती बऱ्याच प्रयोगांत बदलत नाही हे खरं, पण एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, त्याच व्ही1 ची सक्रियता लक्षामुळे वाढलेली दिसते. एक पटणारं स्पष्टीकरण असं की वरच्या भागांकडून, म्हणजे व्ही1 नंतर सिग्नल जिथे जातो तिकडून, निरोप उलटा खाली येतो, तोपर्यंत पहिली लाट होऊन गेलेली असते, आणि एफएमआरआयला एवढा बारीक वेळ पकडता येत नाही. वर सी1 सुद्धा बदलते असं दाखवणारे प्रयोग आहेत, वाद अजून चालू आहे. या धड्यातला सगळ्यात रंगणारा भाग हाच होता आणि तोच गाळलाय, वाईट वाटलं.

टेस्ट मोबाईलवर करू नका. फरक जेमतेम काही डझन मिलिसेकंदांचा असतो आणि टच कधी लवकर कधी उशिरा नोंदला जातो, माझे मोबाईलवरचे आकडे नुसते विखुरलेले आले, लॅपटॉपच्या कीबोर्डवर केल्यावर फरक स्वच्छ दिसला.