गोव्यातल्या ओट्यावर फार्महाऊस सिंक: फायरक्ले, स्टील की क्वार्ट्झ?

साध्या सिंकपुढे ओट्याची चार बोटं कड असते. फार्महाऊस सिंकपुढे ती नसते, सिंकची दर्शनी भिंतच पुढे येते. त्यामुळे अगदी लागून उभं राहता येतं, हात कमी ताणावे लागतात आणि मोठा टोप आडवा करून घासता येतो. जुनं कौलारू घर डागडुजी करून घेणाऱ्यांना पांढरं फायरक्ले पहिल्याच नजरेत आवडतं, आणि तिथेच घाई होते. रंगरूपाआधी दोन गोष्टी बघायच्या: सांडपाण्याचं भोक भिंतीत किती उंचीवर आहे आणि तुमच्या सिंकमध्ये रोज काय पडतं.

आधी भोक. जुन्या ओट्यांवर सहा-सात इंच खोलीचं सिंक असतं आणि चिऱ्याच्या भिंतीतलं भोक त्याच हिशेबाने पाडलेलं असतं. फार्महाऊस सिंक बाहेरून दहा इंच उंच. ओटा 33 इंचांचा धरला आणि ग्रॅनाइट पाऊण इंचाचं, तर सिंकचा तळ जमिनीपासून साधारण 22 इंचांवर येतो. त्याखाली कपलिंग आणि बॉटल ट्रॅप (गटाराचा वास अडवणारी पाण्याची बाटली), म्हणजे भिंतीतलं भोक 15-16 इंचांवर किंवा त्याहून खाली हवं. ते वीस इंचांवर असेल तर ट्रॅपमधून पाणी वर चढवावं लागेल, निचरा मंदावेल आणि सिंक तुंबत राहील. चिऱ्यात नवं भोक पाडणं कठीण नाही, पण बाहेरची चेंबरही त्या मानाने खाली असायला हवी. ती खाली घेता येत नसेल, तर कमी खोलीचं मॉडेल शोधा किंवा हा नाद सोडा. हे माप प्लंबरकडून आधी घ्या, दुकानात नंतर जा.

फायरक्ले म्हणजे माती आणि वरची झिलई मिळून सुमारे 1200 अंशांना भाजलेली. हळद, आमसुलाचं आगळ, चहा यांचे डाग त्यात मुरत नाहीत, पुसले की जातात. मग त्रास कशाचा? पहिला, स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचे करडे ओरखडे. ते झिलईवर घासून बसलेल्या धातूचे असतात, सौम्य पावडरीने निघतात, पण रोज काढावे लागतात. दुसरा, विहिरीचं पाणी. जांभ्या खडकातल्या पाण्यात लोह असेल तर नळाच्या धारेखाली तांबूस पट्टा उमटतो. लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिडने तो उतरतो, नळाचं शुद्ध केलेलं पाणी असेल तर प्रश्नच नाही. तिसरा खरा: पितळेची कळशी किंवा खलबत्त्याचा दगडी बत्ता हातातून सुटला तर झिलईचा टवका उडतो, आणि तो पूर्ववत होत नाही. काचेचा पेला पडला तर पेला गेलाच. भांडी स्वतः घासणाऱ्या, सावकाश हाताच्या माणसाला फायरक्ले शोभतं. दुपारी घाईत चार घरं करणाऱ्या बाईंच्या हाती ते द्यायचं आणि मग त्यांच्यावर डोळे वटारायचे, हे काही खरं नाही.

मासे रोज असतील तर माझं मत स्टीलच्या बाजूने. आदोळीवर (विळीवर) बसून बांगडे कापणारी पिढी सिंकमध्ये मासे फक्त धुते. आता पुष्कळ घरांत खवले काढण्यापासून सगळं सिंकमध्येच होतं. सुरी तळाला घासते, तिसऱ्यांचे शिंपले खडखडतात, सुंगटांची (कोळंबीची) साल सगळीकडे चिकटते. स्टील हे सगळं सोसतं, वासही धरत नाही. चरे पडतात, पण काही महिन्यांत ते एकमेकांत मिसळून एकसारखे दिसू लागतात.

स्टील घेताना दोन ठिकाणी फसगत होते. गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड: 16 गेज दीड मिलिमीटरच्या आसपास, 18 गेज सव्वाच्या जवळ. मोठ्या दर्शनी भिंतीच्या सिंकला 16 घ्या, नाहीतर तळ टोपाखाली पोकळ आवाज करत राहतो. दुसरं चुंबक. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 304’, म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टील, असं सांगतात. पण स्वस्त 202 लासुद्धा चुंबक सहसा चिकटत नाही, आणि समुद्राच्या हवेत पहिले गंजाचे ठिपके त्यालाच येतात. ग्रेड बिलावर लिहून घ्या. मोरजी-मांद्र्याला किंवा कोलव्याला अगदी किनाऱ्यालगत घर असेल तर 316 मिळाल्यास उत्तम. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला अधिक टिकतं. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे 304 पुरतं.

स्टीलचा शत्रू मीठ. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवणीच्या) दिवसांत कैऱ्या मिठात घालताना खाऱ्या पाण्याचं भांडं सिंकमध्ये रात्रभर राहिलं की तळाला टाचणीएवढे खड्डे पडू शकतात. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचही तेच करतं. ही बाटली स्वयंपाकघरात येऊच देऊ नका.

क्वार्ट्झ कंपोझिटवर फार वेळ घालवत नाही. त्यात साधारण ऐंशी टक्के क्वार्ट्झ आणि बाकी अ‍ॅक्रिलिक रेझिन. आवाज कमी, ओरखडे कमी, उकळतं पाणी चालतं. चुलीवरून थेट उचललेला बिडाचा तवा मात्र नको. काळा रंग घेतला तर बोअरवेलच्या जड पाण्याचा पांढरा थर उठून दिसतो, म्हणून करडा किंवा वाळूचा रंग बरा. ज्यांना स्टीलचा चकचकाट नको आणि फायरक्लेची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग.

आता बसवणं, आणि इथे जुनं घर बाजी मारतं. 33 इंची फायरक्ले सिंक रिकामंच 50 किलोच्या आसपास, काठोकाठ भरलं तर आणखी सत्तर लिटर पाणी. विटांच्या भिंती आणि कडाप्प्याच्या फळीवर उभा असलेला ओटा हे वजन सहज पेलतो. मॉड्युलर किचनच्या प्लायवूडच्या खोक्याला ते झेपत नाही. खाली लोखंडी फ्रेम किंवा दोन्ही बाजूंना कडाप्प्याचे आधार द्यावेच लागतात. पावसाळ्यात दमट हवेत फुगलेलं साधं प्लाय तर कधी दगा देईल सांगता येत नाही. स्टील आणि क्वार्ट्झला एवढा आटापिटा लागत नाही.

ग्रॅनाइट कापण्याची घाई करू नका. भाजताना फायरक्ले आकसतं, प्रत्येक नग कॅटलॉगपेक्षा थोडा वेगळा निघतो, अर्धा इंचही फरक पडू शकतो. सिंक घरात आल्यावर, ते ओट्याखाली प्रत्यक्ष बसवून, मगच कारागिराला रेघ मारू द्या. कापलेली कड पॉलिश करून घ्या, ती रोज दिसणार आहे. ग्रॅनाइटची कड सिंकच्या कडेवर पुढे आणू नका. त्या झाकल्या फटीत जुलैत काळी बुरशी धरते आणि पुसायला बोट पोचत नाही. सिलिकॉन बुरशीरोधक आणि न्यूट्रल क्युअरचा घ्या. व्हिनेगरसारखा वास मारणारा संगमरवरावर डाग पाडतो. सिंकची दर्शनी भिंत कपाटाच्या दारांपेक्षा अर्धा-पाऊण इंच पुढे ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी दारांवर न येता थेट खाली पडतं.

नळ भिंतीतलाच ठेवलेला चांगला, कारण एवढं रुंद सिंक बसवल्यावर मागे ग्रॅनाइटची जेमतेम तीन-चार इंच पट्टी उरते. ओढून वापरायचा स्प्रे नळ मनात असेल तर आधी टाकीकडे बघा: दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून एक बार दाब मिळतो, आणि एकमजली घराच्या छपरावरची टाकी नळापासून तीन-चार मीटरच वर असते. म्हणजे पाव ते अर्ध्या बारात स्प्रेची नुसती बारीक धार. जोडणी झाल्यावर सिलिकॉन सुकू द्या, बूच लावून सिंक भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी खाली पसरलेलं वर्तमानपत्र कोरडंच सापडलं, तर सुताराला दारं बसवायला बोलवा.