आकडे खरे होते, तरीही फसवले गेलो

आम्हाला ज्याने गंडवलं त्याने तुलनेच्या तक्त्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

आमचे पाण्याचे मीटर सिमकार्डावरून रीडिंग पाठवतात. ते सांभाळायला क्लाउड हवा होता. सल्लागार म्हणून आलेल्या माणसाने तुलना मांडली: अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस आयओटी कोअर, मायक्रोसॉफ्टचं अझुर आयओटी हब (दोन्ही नेटला जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या सेवा) आणि त्याचा ‘स्वतःचा’ प्लॅटफॉर्म. एडब्ल्यूएस दर ५ केबीला एक मेसेज मोजतं, अझुरच्या पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये दर ४ केबीला एक. या पठ्ठ्याने नमुन्याचा मेसेज धरला ६ केबीचा! साहजिकच त्या दोघांचं बिल दुप्पट दिसलं आणि त्याचं एकपट. आमचं रीडिंग असतं जेमतेम काहीशे बाइटचं.

पुढे भीती घातली. गुगलने आपलं आयओटी कोअर १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केलं, मोठ्यांचा काय भरवसा, म्हणे. बंद केलं हे खरंच. पण गुगलने ते वर्षभर आधी जाहीर केलं होतं, हे त्याने गाळलं.

कराराच्या नूतनीकरणाला त्याने दर अवाच्या सवा वाढवले. सोडून जातो म्हटल्यावर हसून म्हणाला, “खुशाल जा, डेटा तुमचाच आहे.” आणि रीडिंगची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) हातात ठेवली. तेव्हा आमच्या इंजिनिअरने मीटरचे लॉग उघडले. मीटर जोडले जात होते तो पत्ता एडब्ल्यूएसचाच निघाला. ‘स्वतःचा’ प्लॅटफॉर्म म्हणजे वर चढवलेले चार स्क्रीन. अकाउंट त्याच्या नावावर, मीटरची ओळख पटवणारी सर्टिफिकेटं त्याने काढलेली, पत्ता फर्मवेअरमध्ये, म्हणजे मीटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, पक्का कोरलेला. आणि त्याच्या साइनिंग कीची (डिजिटल शिक्क्याची) सही नसेल तर मीटर ओटीएने, म्हणजे दुरून नेटवरून, नवं फर्मवेअर घेतच नाही. ती की मागितली, तर तिची वेगळी किंमत सांगितली. डेटा आमचा होता, मीटर मात्र त्याचे झाले होते.

‘एमक्यूटीटी आहे, कुठेही हलवता येतं’ हे वाक्यही तुम्हाला ऐकवलं जाईल. एमक्यूटीटी म्हणजे डिव्हाइसने मेसेज पाठवायची सर्वमान्य पद्धत; प्रत्येक मेसेज एका ‘टॉपिक’च्या नावाखाली जातो. एडब्ल्यूएसवर टॉपिकची नावं बहुतांशी आपण ठरवतो, अझुर आयओटी हबवर ती त्यांच्या ठरलेल्या साच्यातच लागतात. म्हणजे हलायचं तर फर्मवेअर बदलणं आलं, आणि ते बदलायला पुन्हा तीच की.

त्यामुळे दराच्या रकान्याआधी अकाउंट, पत्त्याचं डोमेन आणि साइनिंग की कोणाच्या नावावर राहणार ते करारात लिहून घ्या. एडब्ल्यूएसवर आपलं डोमेन लावता येतं. मेसेजचा आकार तुमच्या खऱ्या डिव्हाइसचा धरून हिशोब पुन्हा करायला लावा. आणि पैसे देण्याआधी दोन-चार डिव्हाइस, हात न लावता, नुसत्या ओटीए अपडेटने दुसऱ्या ब्रोकरवर (मेसेज घेणाऱ्या सर्व्हरवर) नेऊन दाखवायला सांगा. आमचे मीटर सध्या एकेक उघडून, वायर लावून फ्लॅश करणं, म्हणजे नवं फर्मवेअर भरणं, चालू आहे.